नमुना आपला, रिपोर्ट कुणाचा?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनच्या टेबलावर सकाळी वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्या मांडलेल्या असतात. जांभळ्या झाकणाची नळी हिमोग्लोबिन आणि पेशींच्या मोजणीसाठी, लाल झाकणाची यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्यांसाठी आणि राखाडी झाकणाची साखरेसाठी. राखाडी नळीत सोडियम फ्लोराइड असते. शरीराबाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात, साखर खात राहतात. फ्लोराइड त्यांना थोपवते. ते नसेल आणि रक्त तसेच पडून राहिले, तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उपाशीपोटी १३२ साखर असलेल्या माणसाचे रक्त साध्या नळीत दोन तास गाडीत फिरले, तर यंत्र १२० च्या आतला आकडा दाखवते. मधुमेहाच्या निदानाची रेषा १२६ वर आहे. यंत्र चोख, रिपोर्ट सुबक छापलेला आणि निदान मात्र हुकलेले.

सरकारी रुग्णालयांतल्या तपासण्या खासगी भागीदारीतून कराव्यात की नाही, या वादाची सुरुवात या नळीपासून करायला हवी. सरकार करारातून तपासणी विकत घेते. रुग्णाला हवा असतो तो वेळेत हाती येणारा आणि विश्वास ठेवता येईल असा रिपोर्ट. या दोहोंतले अंतर कोण भरून काढणार, हे ज्या करारात लिहिलेले नसते तो करार रुग्णाच्या कामाचा नाही.

भागीदारी का आली?

सरकारांनी ही वाट धरली त्याला सबळ कारणे होती. यंत्र खरेदी व्हायचे, पण ते चालवायला रेडिओलॉजिस्ट नसायचा; दुरुस्तीचा वार्षिक करार संपला की यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून राहायचे. मग डॉक्टर चिठ्ठीवर तपासणी लिहून ‘बाहेरून करून आणा’ म्हणत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या आरोग्यावरच्या दर १०० रुपयांपैकी ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. औषधे आणि तपासण्या ही त्यातली नेहमीची ओझी.

२०१० मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशाने काकीनाडा, कर्नूल, विशाखापट्टणम आणि वारंगळ इथल्या चार वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सीटी-एमआरआय सेवा विप्रो जीई आणि मेडॉल या खासगी कंपन्यांकडे सोपवली. गरीब रुग्णाला स्कॅन मोफत, त्याचे पैसे सरकार भरणार, अशी रचना होती. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि ही पद्धत देशभर पसरली. २०१९ च्या सुधारित यादीत उपकेंद्रासाठी १४, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि जिल्हा रुग्णालयासाठी १३४ तपासण्या ठरल्या. सरकारी रुग्णालयांतल्या केंद्रांच्या बळावर वाढलेली पुण्याची क्रस्ना डायग्नोस्टिक्स २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली. दुसऱ्या राज्यात काढलेले स्कॅन आज पुण्यात बसलेला रेडिओलॉजिस्ट वाचतो. जिथे रेडिओलॉजिस्ट मिळतच नाही, तिथल्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महालॅब’ ही तपासणी सेवा सुरू आहे. तिथे काम पाहणारी एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारचीच कंपनी. तरीही मांडणी तीच: नमुना एका संस्थेच्या केंद्रात, तपासणी दुसऱ्या संस्थेकडे आणि मधे करार. म्हणून ‘खासगी की सरकारी’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

पैसे कशाचे मोजायचे?

दर तपासणीमागे पैसे, हा सर्वांत सोपा करार. बिल करणे सोपे, अहवालात मोठे आकडे दाखवणे सोपे. पण अशा करारात जास्त तपासण्या करण्यात एका बाजूचा फायदा असतो आणि त्यांतल्या किती गरजेच्या होत्या हे विचारणारे कुणी नसते. रुग्ण निघून गेल्यावर आलेला रिपोर्टही बिलात एक तपासणी म्हणूनच धरला जातो.

काही राज्यांनी वेगळा मार्ग निवडला. तामिळनाडूत वैद्यकीय सेवा महामंडळ स्वतः सीटी-एमआरआय केंद्रे चालवते. राजस्थानने ७ एप्रिल २०१३ ला मोफत तपासणी योजना सरकारी प्रयोगशाळांच्या आधारावर सुरू केली. तेलंगणाने २०१८ मध्ये हैदराबादच्या नारायणगुड्यात मध्यवर्ती प्रयोगशाळा उभारून आरोग्य केंद्रांतले नमुने तिथे आणायला सुरुवात केली. नमुन्याचा प्रवास इथेही आहेच. पण रिपोर्ट चुकला तर जाब कुणाला विचारायचा, हे ठरलेले आहे.

लंडनचा धडा

आग्नेय लंडनमधल्या गाइज अँड सेंट थॉमस आणि किंग्ज कॉलेज या रुग्णालय-न्यासांच्या रक्ततपासण्या सिनोव्हिस ही भागीदार संस्था करते. ३ जून २०२४ रोजी तिच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. रक्तगट जुळवण्याचे काम मंदावले, त्यामुळे कुणालाही चालणारे ‘ओ’ गटाचे रक्त जास्त वापरावे लागले आणि रक्तदात्यांना देशव्यापी आवाहन करावे लागले. बाह्यरुग्ण विभागाच्या १०,००० हून अधिक भेटी आणि १,७०० हून अधिक नियोजित उपचार पुढे ढकलले गेले. या काळात एका रुग्णाचा अनपेक्षित मृत्यू झाला आणि रक्ततपासणीच्या अहवालासाठी झालेला मोठा उशीर हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते, असे किंग्ज कॉलेजने २०२५ मध्ये सांगितले. असा हल्ला सरकारी संगणकांवरही होतो. २०१७ मध्ये ब्रिटनच्याच आरोग्यसेवेने तो अनुभवला होता. लंडनमध्ये उघडे पडले ते दुसऱ्या वाटेचे नसणे. सगळ्या तपासण्या एकाच संस्थेच्या एका यंत्रणेतून जात असतील आणि ती थांबली, तर तेवढे काम तातडीने उचलेल अशी प्रयोगशाळा रुग्णालयाकडे उरत नाही.

करारात काय हवे?

म्हणून प्रत्येक करारात तीन गोष्टी असाव्यात असे मला ठामपणे वाटते. पहिली, पैसे वेळेत पोचलेल्या रिपोर्टचे. नमुना घेतल्याची आणि रिपोर्ट डॉक्टरांना मिळाल्याची वेळ बिलाला जोडलेली हवी. दुसरी, सरकारची स्वतःची पडताळणी. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अज्ञात नमुने प्रयोगशाळांना पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहते. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेनेही एकच रक्त दोन नळ्यांत भरून, एक कंपनीला पाठवून आणि दुसरे स्वतः तपासून आकडे जुळवावेत आणि ते जाहीर करावेत. तिसरी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तातडीच्या तपासण्यांची आपली प्रयोगशाळा आणि आपली कायम माणसे.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत आधी कापली जाते, कारण करार झाला की टेक्निशियनची रिकामी पदे भरण्याची निकड उरत नाही. पण रिपोर्ट बरोबर की चूक हे ओळखणारा माणूसच सरकारी नोकरीत राहिला नाही, तर पुढच्या निविदेच्या अटी लिहायलाही कंपनीचाच सल्ला घ्यावा लागेल. भागीदारी करायची तर समोरच्याचे काम तपासता येईल इतके ज्ञान आपल्या घरात हवे, आणि त्यासाठी आधी ही पदे भरायला हवीत.