पहिलं अक्षर मागू नका

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास दोन वाक्यांत आटोपतो. ग्रेडन होअर यांनी २००६मध्ये ती स्वतःच्या हौसेने सुरू केली, २००९मध्ये मोझिलाने पाठबळ दिलं. पहिली स्थिर आवृत्ती आली १५ मे २०१५ रोजी. मला कुतूहल तिच्या कंपायलरचं, त्यातही स्ट्रिंग दिसली की तो जी हुज्जत घालतो तिचं.

रस्टमध्ये मजकुराचे मुख्य प्रकार दोन: मेमरीची मालकी असलेली ‘स्ट्रिंग’ आणि दुसरीकडे ठेवलेल्या मजकुराकडे बोट दाखवणारा ‘स्ट्र’चा संदर्भ. अवतरणचिन्हांत थेट लिहिलेलं नाव दुसऱ्या प्रकारात मोडतं. ते ‘स्ट्रिंग’ मागणाऱ्या फंक्शनला दिलं, की एरर ई०३०८. पण हा कंपायलर चेक परत करताना सही कुठे चुकली तेही दाखवणाऱ्या जुन्या बँक कारकुनासारखा आहे. नेमक्या शब्दाखाली खूण करून तो उपाय सुचवतो: टू_स्ट्रिंग लावा. लावलं, की काम पुढे सरकतं.

खरी गंमत पुढे आहे. स्ट्रिंगमधलं शून्याव्या क्रमांकाचं अक्षर मागा. तो सरळ नकार देतो, ई०२७७. या नकाराचं कारण रस्टची अधिकृत पुस्तिका देवनागरी उदाहरणातूनच समजावते. यूटीएफ-८मध्ये ‘नमस्ते’चे बाइट १८, युनिकोड चिन्हं ६. मग ‘एक अक्षर’ म्हणजे काय? ते ठरल्याशिवाय कंपायलर काहीच देत नाही, आणि ते मला पटतं.

मात्र त्याने सुचवलेली वाट धरली, चिन्हांच्या यादीतून शून्यापासून मोजत तिसऱ्या क्रमांकाचं चिन्ह काढलं, तर हाती येतो एकटा हलन्त. बिनचूक कंपाइल होऊन! आपण वाचतो तसे न, म, स्ते हे तुकडे हवे असतील, तर स्टँडर्ड लायब्ररीत सोय नाही. बाहेरचं क्रेट, म्हणजे तयार कोडचं पॅकेज, आणावं लागतं. तिथेही नियम बदलतात: पुस्तिकेत ‘स्’ आणि ‘ते’ वेगळे मोजून चार तुकडे दिले आहेत, तर २०२३च्या युनिकोड १५.१पासून देवनागरी जोडाक्षर अखंड धरलं जातं.

याहून घातक म्हणजे बाइट मोजून कापलेला तुकडा. शून्य ते एक असा काप कंपायलर मुकाट्याने मान्य करतो, कारण आत कोणता मजकूर येणार हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. इंग्रजी नावांवर वर्षभर सुरळीत चालणारा प्रोग्राम पहिल्या मराठी नावाला कोसळू शकतो; उदाहरणार्थ, नाव ‘न’ने सुरू होत असेल तर त्या ‘न’चे तीन बाइट मधूनच तोडले जातात. एरर संपल्या म्हणून निर्धास्त होण्याआधी चाचणीच्या यादीत एक ‘ज्ञानेश्वर’ घालावा.