एका फेजवर लेथ

आसनगावात घराच्या पडवीत जुना लेथ बसवायचा, तर पहिली अडचण विजेची. लेथची मोटार तीन फेजची, 415 व्होल्टची. घरची जोडणी एका फेजची, 230 व्होल्टची. तशीच जोडली तर मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि तापून जळते. असे का?

पायाने चालणारे शिवणयंत्र आपण पाहतो. पाय वरखाली होतो; चाक कोणीकडे फिरणार हे हाताने दिलेला झटका ठरवतो. एका फेजचे चुंबकीय क्षेत्र असेच मागेपुढे होते. तीन फेज एक तृतीयांश आवर्तनाच्या अंतराने येतात, म्हणून क्षेत्र आपोआप गोल फिरते.

तिसऱ्या टोकाला कपॅसिटर जोडून हे अंतर काहीसे साधते, पण मोटार पूर्ण ताकद देत नाही. त्याहून चांगले साधन व्हीएफडी. ते घरच्या विजेची एकदिश वीज करून तिच्यातून तीन फेज घडवते. साध्या व्हीएफडीत व्होल्टेज मात्र 230च राहते. मग 415 व्होल्टची मोटार कशी चालेल? स्टार जोडणीत प्रत्येक गुंडाळीला 415 ÷ 1.73, म्हणजे 240 व्होल्टच मिळतात. तीच मोटार डेल्टात जोडली की 230 पुरतात. मोटारीवरची पाटी आधी वाचावी. मुळातच 415 व्होल्ट डेल्टाची असेल तर हा उपाय चालत नाही.

वीज बंद केल्यावरही व्हीएफडीतील कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट काही मिनिटे टिकू शकतात. झाकण लगेच उघडू नये.