थ्री-नॉट-थ्री आणि मावळातील भातखाचरे

पावसाळ्यात भुशीच्या धरणावर पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. त्याच दिवसांत मावळातल्या खाचरांत भात उभे राहत असते आणि दाणा भरू लागला की डोंगरउतारावरची रानडुकरे रात्री खाली उतरतात. माळ्यावर राखणीला बसलेल्या शेतकऱ्याच्या हाती असतो पत्र्याचा डबा, फार तर फटाका. दुसरीकडे पोलिसांच्या शस्त्रागारांतून जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली बाहेर पडत आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला. या रायफलींचे शिकारी बंदुकांत रूपांतर करून त्या शेतकऱ्यांना का देऊ नयेत, असा प्रश्न कोणालाही सुचावा.

अन्य देशांत हे घडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माउझर, ब्रिटिश एन्फील्ड, अमेरिकन स्प्रिंगफील्ड अशा रायफलींचे ढीग भंगारापेक्षा थोड्या अधिक भावाने विकले गेले. त्यांचा उत्पादनखर्च सरकारांनी युद्धखाती आधीच टाकलेला होता. घेणाऱ्याने नळी कापावी, पुढचे लाकूड तासावे, दुर्बीण बसावी म्हणून बोल्टची मूठ वाकवावी, की हरणाच्या शिकारीस योग्य हत्यार तयार. मोठ्या जनावरासाठी मात्र नळीच बदलावी लागे आणि तेथे यंत्रणेचा कस लागे. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाशी अडकतो, म्हणून तो जबर काडतुसाचा दाब सोसतो. एन्फील्डचा मागे अडकतो, म्हणून त्याला मर्यादा आहे. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या कंपनीने अशा रूपांतराचा धंदाच केला. पुढे कारागिराची मजुरी वाढली, अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी बंदुकांची आयात रोखली, आणि स्वस्ताईचा तो हिशेब मोडला.

भारतात हा बाजार उभा राहिलाच नाही. इंग्रजांनी येथे बंदुकीपेक्षा काडतुसावर अधिक बारकाईने नजर ठेवली. फौजेत जे काडतूस चालते ते प्रजेच्या बंदुकीत बसता कामा नये, हे ते सूत्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींनाही हिंदुस्थानात बंदी झाली. तेव्हा विलायतेतल्या कारखानदारांनी.४६५, .४७० असे नवे व्यास काढून संस्थानिकांची सोय केली! जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली मिळालेली रिग्बी रायफल .२७५ ची म्हणविली जाई. प्रत्यक्षात तिचे काडतूस ७ मिलिमीटर माउझरचे, म्हणजे काही वर्षांपूर्वी बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांवरच झाडलेले. फौजेत ते चालत नव्हते, एवढे पुरेसे होते. स्वातंत्र्यानंतरही सूत्र तेच राहिले. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर व्यासाच्या रायफली प्रतिबंधित वर्गात गेल्या. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी जी रायफल बनविली, तिची घडण एन्फील्डचीच, परंतु व्यास .३१५ आणि काडतूस ऑस्ट्रियन मॅन्लिखरच्या वळणाचे. हे काडतूस खडकीच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या दारुगोळा कारखान्यात तयार होत आले. लोणावळ्याची लोकल त्याच खडकीवरून जाते. सरकारने स्वतः मात्र एन्फील्डचे रूपांतर केलेच होते. नळीचे आटे काढून, एका वेळी एकच गोळी भरता येईल अशा .४१० च्या मस्केट पहारेकऱ्यांसाठी केल्या गेल्या.

शेतकऱ्याच्या वाट्याला कायद्याने काय ठेवले? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. फौजेला रायफल, हौशी शिकाऱ्याला .३१५, आणि कुणब्याला ठासणीची बंदूक, अशी ही उतरंड आहे.

तरीही थ्री-नॉट-थ्री खाचरात उतरविणे हा उपाय नव्हे. नवी नळी, नवा दस्ता, तपासणी आणि परवाना यांचा खर्च धरला तर फुकट मिळालेली रायफलही दोन एकर भातवाल्याला परवडणार नाही. शिवाय पहिल्या महायुद्धातल्या एन्फील्डच्या नेमाच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा असत. मावळात दोन हजार यार्डांत शेजारचे गाव येते, रस्ता येतो, पर्यटकांची रांगही येते. अंधारात चुकलेली गोळी डुकरापाशी थांबत नाही. छऱ्याची बंदूक त्या मानाने बरी, तीही जाणत्याच्या हाती.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या, १९७२ च्या, अकराव्या कलमान्वये उभ्या पिकाला घातक ठरलेले काही वर्गांतले जनावर लेखी आदेशाने मारता येते. हा आदेश पीक कापून झाल्यावर हाती पडला तर त्याचा उपयोग काय? नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा आणि प्रत्यक्ष रक्कम यांत हंगाम उलटला तर पुढच्या बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते. विदर्भात काही शेतकरी कुंपणाच्या तारेत वीज सोडतात, आणि तिने वाघही मरतात, माणसेही. प्रजेच्या हातून रायफल दूर ठेवण्याचे धोरण शासनाने शतकभर चालविले आणि ते योग्यच आहे; परंतु त्या धोरणाची किंमत खाचराच्या मालकाकडून वसूल होत आहे. पंचनाम्याला दिवसांची मुदत आणि मुदत टळल्यास व्याज, एवढी दुरुस्ती करण्यास कोणत्याही कारखान्यातून नळी आणावी लागत नाही. सामुदायिक कुंपणासाठी अनुदानाचा मार्गही मोकळा आहे, आणि भात पोटरीला येण्यापूर्वी ते उभे राहिले पाहिजे.