पाण्याला परतीची वाट

आखातातून ईदच्या सुट्टीत इजिप्तला जाऊन आलेली बरीच कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. पिरॅमिड, नाईलमधली बोट आणि शेवटी लक्सर, हा ठरलेला कार्यक्रम आम्हीही केला. लक्सरला देवळांइतकेच माझे लक्ष आणखी दोन गोष्टींकडे गेले: भिंतींच्या तळाशी फुललेले पांढरे मीठ आणि आसपासच्या शिवारातला ऊस. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला या दोघांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही.

हजारो वर्षे नाईलचा पूर दरसाल शेतात शिरे. बांध घातलेल्या विस्तीर्ण वाफ्यांत पाणी काही आठवडे उभे राही, गाळ बसे, आणि मग ते नदीला परत सोडले जाई. जाताना ते जमिनीतले क्षारही धुऊन नेई. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाले. देशाला वीज मिळाली, दुष्काळाचे भय कमी झाले, बारमाही पिके आली. पण पूर थांबला, गाळ धरणामागे अडकला. वर्षभर भिजणाऱ्या शेतांखाली भूजल वर आले ते वरच राहिले.

कर्नाक आणि लक्सरची मंदिरे वालुकाश्माची. पणतीच्या वातीत तेल चढावे तसे या दगडात पाणी चढते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. दगडाच्या पोटात त्याचे स्फटिक वाढतात आणि कोरीव अक्षरांसकट पापुद्रे सुटतात. शिकागो विद्यापीठाचे अभ्यासक १९२४ पासून लक्सरला मुक्काम ठेवून या भिंतींवरचे लेख आणि चित्रे उतरवून घेत आहेत. मिठाने खाल्लेल्या ओळीची पुढे तेवढी नक्कलच उरते.

या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही मंदिरांभोवती जमिनीखालून निचऱ्याची व्यवस्था झाली आणि भूजल खाली गेले. तरी दगडात मुरलेले मीठ तिथेच आहे. भिंत वाळताना तेही वर येते.

कृष्णाकाठी आपण यालाच क्षारपड म्हणतो. नदीवरून उपसा योजना आल्या, ऊस आला, पाटाने भरपूर पाणी देण्याची सवय लागली. काळ्या जमिनीतून पाणी लवकर निचरत नाही. आधी उसाचे फुटवे कमी होतात, मग पांढरे चट्टे दिसतात, शेवटी वेड्या बाभळी माजतात. आमच्या भावकीतले काही एकर असेच गेले. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि पडीक रानात पुन्हा पीक घेतले. हे काम एकट्याने होत नाही. माझ्या रानातले खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून नाल्यापर्यंत जायचे, तर दोघांचे जमले पाहिजे.

पाणी आणणाऱ्याची मिरवणूक निघते. चर खणणाऱ्याला कोणी हार घालत नाही. आपल्यापैकी अनेकांची शेती गावी वाट्याने दिलेली आहे. फोनवर आपण उसाचा उतारा विचारतो, मोटर चालू आहे ना विचारतो. या दिवाळीत गावी बोलाल तेव्हा आणखी एक विचारा: आपल्या रानातले पाणी बाहेर कुठून जाते? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या सुट्टीत बांधावर जाऊन शेजाऱ्याशी बोलायला हवे.