जागं राहण्याचे ४० दिवस

पेणहून अलिबागमार्गे रेवदंड्याला यावं, खाडीचा पूल ओलांडावा की पुढे कोर्लई लागते. रोह्यावरून आलेली कुंडलिका इथेच समुद्राला मिळते. डोंगरावरच्या पोर्तुगीज किल्ल्यातून खाडीच्या तोंडावर पहारा असे. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले; खाली गावात मात्र त्यांच्या भाषेतून घडलेली 'नौ लिंग' अजून बोलली जाते आणि माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये प्रार्थना होते.

उपवासकाळात ख्रिस्ती माणूस असाच पहारा स्वतःच्या मनावर ठेवतो.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात. ती बहुधा गेल्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली असते. येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला, तेव्हा सैतानाने पहिला मोह दाखवला तो भाकरीचा. भूक लागलेल्याला भाकरी! मोह असा ओळखीच्या चेहऱ्याने येतो, म्हणूनच तो ओळखणं अवघड.

पवित्र गुरुवारी गेथशेमने बागेतल्या रात्रीची आठवण होते. येशूने तिथे शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं. पेत्रासकट तिघे शिष्य झोपी गेले. त्या रात्री मिस्सानंतर वेदीवरची कापडं काढतात आणि भाविक पवित्र साक्रामेंतासमोर जागत बसतात, अनेक ठिकाणी मध्यरात्रीपर्यंत. कुणी गुडघ्यांवर, कुणी भिंतीला टेकून.