संगणक कोणाशी बोलतो आहे?

पंचायत कार्यालयातील वा शाळेतील संगणक एकाएकी संथ चालू लागतो, किंवा आपण न लिहिलेली पत्रे आपल्या नावे गेल्याचे आढळते. अशा वेळी यंत्रात कोणी परका शिरला असावा, ही शंका अनाठायी नसते. मात्र शंका येताच यंत्र बंद करण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती हितावह नव्हे. वीज जाताच यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतील पुरावा नष्ट होतो. डोळ्यांदेखत फाइली कुलूपबंद होऊ लागल्या, तर नेटवर्कची तार तत्काळ काढावी. एरवी प्रथम पाहावे, मग तार काढावी.

पाहण्याचे साधन विंडोजमध्येच असते. कमांड प्रॉम्प्टची काळी चौकट उघडून ‘नेटस्टॅट’ हा शब्द रोमन लिपीत टंकावा व एक जागा सोडून, आडव्या रेघेला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे लिहावीत. पडद्यावर जोडण्यांची यादी उमटते. ‘लिसनिंग’ म्हणजे दार उघडून कोणाची तरी वाट पाहणे. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे संभाषण चालू असणे. १२७.०.०.१ या पत्त्यावर यंत्र स्वतःशीच बोलत असते, तर १९२.१६८ ने आरंभ होणारा पत्ता बहुधा कार्यालयातील शेजाऱ्याचा. ४४३ हे नित्याच्या संकेतस्थळांचे दार. ते पाहून घाबरू नये, परंतु लबाड प्रोग्रॅमही त्याच गर्दीतून ये-जा करतात. ३३८९ हे यंत्र दुरून चालविण्याचे दार होय. ४४५ हे फाइलींच्या देवघेवीचे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ याच दाराने जगभर पसरला. परक्या पत्त्याशी या दोहोंपैकी एखाद्या दाराने जोडणी दिसल्यास ती गंभीर समजावी.

अखेरच्या रकान्यातील क्रमांक टिपून ‘टास्कलिस्ट’ ही आज्ञा दिली असता त्यामागील प्रोग्रॅमचे नाव कळते. नाव ओळखीचे निघाले म्हणून निश्चिंत राहू नये. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचा घरचा नोकर. त्याचेच नाव घेऊन अनेक तोतये वावरतात. खरा ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरात सापडतो.

आता एक अडचण. घरात शिरलेला चोर घरच्या पहारेकऱ्यासही फितवू शकतो. यादी निर्दोष दिसली, तरी यंत्र निर्दोष ठरत नाही, कारण काही घातक प्रोग्रॅम आपली जोडणी त्या यादीतून लपवितात. क्लिफर्ड स्टॉल यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत अवघ्या ७५ सेंटांचा हिशेब जुळेना, त्यावरून त्यांना घुसखोराचा सुगावा लागला. त्यांनी संगणकाच्या साक्षीवर विसंबण्याऐवजी बाहेरून येणाऱ्या तारांवरच मुद्रणयंत्रे जोडली. घुसखोराचा प्रत्येक शब्द कागदावर उतरत गेला, त्याला पत्ताही लागला नाही; आणि माग थेट जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. आजही राउटरवरील नोंदी संगणकाच्या यादीशी ताडून पाहणे, हीच अधिक भरवशाची तपासणी होय.

पडद्याचे छायाचित्र घ्यावे, वेळ लिहून ठेवावी, मग तार काढावी व यंत्र चालूच ठेवावे. पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. बँकेतील रक्कम गेली असल्यास कोणाही नागरिकाने १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.