विद्यावाचस्पति आणि उपजीविका

घरांतील मुलाला अथवा मुलीला पीएच्. डी. मिळाली म्हणजे आळींत पेढे वाटले जातात, दारावरच्या पाटीवर नांवाआधीं एक अक्षर आणि एक टिंब चढतें, आणि महिना उलटतो न उलटतो तोंच पहिला प्रश्न येतो, "मग आतां प्राध्यापक केव्हां होणार?" विचारणाऱ्याच्या मनांत वांकडें कांहीं नसतें. परंतु ज्याला तो विचारला जातो, त्याची मान खालीं जाते. वय तिशीच्या पलीकडे गेलेलें असतें. बरोबरीचे मित्र केव्हांच मार्गाला लागलेले असतात. आणि हा नवा डॉक्टर मात्र दोन महाविद्यालयांच्या दरम्यान धांवपळ करीत, तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवावे तितक्यांच्याच मानधनावर, वर्ष काढीत असतो. आईबापांना वाटतें, मुलगा कोठें तरी चुकला. हळूहळू मुलालाहि तसेंच वाटूं लागतें. हा समज कितपत खरा आहे, याचा शांतपणें विचार केला पाहिजे.

प्रथम या पदवीचा जन्म लक्षांत घ्यावा. संशोधन करून मिळवावयाच्या डॉक्टरेटचा आजचा प्रकार मुख्यत्वें जर्मनींत घडला. १८१० मध्यें स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठानें अध्यापन आणि संशोधन हीं एकत्र नांदलीं पाहिजेत, हें तत्त्व पुढें आणलें. अमेरिकेंत येल विद्यापीठानें १८६१ मध्यें ही पदवी प्रथम दिली. ऑक्सफर्डनें ती १९१७ मध्यें स्वीकारली. नवीं विद्यापीठें निघत होतीं, तोंपर्यंत नव्या डॉक्टराला नवें आसन मिळणें अवघड नव्हतें. त्यामुळें पदवी आणि प्राध्यापकी यांची गांठ लोकांच्या मनांत पक्की बसली. काळ बदलला, पण गांठ तशीच राहिली.

आतां हिशेब करून पाहावा. तो प्राथमिक शाळेंतील मुलालाहि जमेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत एका प्राध्यापकाला एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेण्याची मुभा दिली आहे. समजा, एखाद्या प्राध्यापकाकडे आठांऐवजीं चारच विद्यार्थी आहेत व प्रत्येकाला पांच वर्षें लागतात. वीस वर्षांत त्याच्या हाताखालून सोळा डॉक्टर बाहेर पडतील. त्याची स्वतःची खुर्ची मात्र एकदांच रिकामी होईल. उरलेल्या पंधरांनीं कोठें जावें? कांहीं नव्या जागा निघतील हें खरें. परंतु मंजूर जागाहि वर्षानुवर्षें भरल्या न जाण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाहीं. तेव्हां पंधरांनीं अन्य वाट धरणें हा त्यांचा पराभव नव्हे. तो या गणिताचाच उघड निष्कर्ष आहे.

नियमांवर विसंबून राहण्यांतहि धोका आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनीं विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठीं डॉक्टरेट १ जुलै २०२१ पासून आवश्यक ठरविली होती. ती मुदत पुढें ढकलली गेली; आणि १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही परीक्षा किमान अर्हता ठरवून या पदापुरती डॉक्टरेट ऐच्छिक करण्यांत आली. ज्यांनीं केवळ जुन्या नियमाकडे पाहून पांच वर्षें प्रबंधाला वाहिलीं, त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करावी. म्हणून प्राध्यापकीची इच्छा असलेल्यानें ती परीक्षा वेळींच देऊन ठेवावी हें उत्तम. पण सारी मदार त्या एकाच दारावर ठेवूं नये.

दुसरीं दारें आहेत का? आहेत, आणि मराठी माणसाला तीं अपरिचितहि नाहींत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ मध्यें मिळविली. मायदेशीं परतल्यावर त्यांनीं थोडा काळ कलकत्ता विद्यापीठांत अध्यापन केलें. परंतु आज त्यांचें नांव घेतलें जातें, तें त्या नोकरीसाठीं नव्हे. मराठी भाषेंत ज्ञानकोश व्हावा या ध्यासानें त्यांनीं कंपनी काढली, गांवोगांव हिंडून भाग खपविले, वर्गणीदार मिळविले, लेखक जमविले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. ज्यांचा संशोधनाशीं कसलाहि संबंध नव्हता, अशा गृहस्थांना आपल्या कामाचें मोल पटवून देणें त्यांना भाग पडलें, आणि तें त्यांनीं कमीपणाचें मानलें नाहीं. डॉ. कमला सोहोनी यांनीं १९३९ मध्यें केंब्रिजची डॉक्टरेट घेतली; पुढें कुन्नूरच्या आहारविषयक प्रयोगशाळेंत त्यांनीं काम केलें, नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेंत अध्यापन केलें, आणि नीरा, कडधान्यें यांसारख्या सामान्यांच्या अन्नाचें पोषणमूल्य तपासलें. त्यांची विद्या वर्गाच्या चार भिंतींत अडकून पडली नाहीं.

आजच्या दारांची मोजदाद करावयाची तर रसायन आणि जीवशास्त्राच्या डॉक्टरांना औषधकंपन्यांच्या संशोधनशाळा व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या सरकारी संस्था आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रशास्त्र यांच्या पदवीधराला परीक्षा देऊन पेटंट एजंट होण्याची सोय १९७० च्या पेटंट कायद्यांत आहे. नव्या शोधाचें नेमकें वर्णन करण्याचें तें काम संशोधन केलेल्या माणसाला विशेष साधतें. गणित व संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना बँका, विमाकंपन्या आणि संगणक-व्यवसाय यांत मागणी आहे. भाषा, इतिहास व समाजशास्त्र यांच्या डॉक्टरांसाठीं कोशकार्य, संपादन, भाषांतर, संग्रहालयें, दप्तरखानें, सामाजिक पाहण्या हीं क्षेत्रें आहेत. त्यांत जागा थोड्या असतात व शोधाव्या लागतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मग इतकीं दारें असतां पुष्कळांना तीं बंद कां आढळतात? याचें एक मोठें कारण असें कीं, दार कसें ठोठवावें हें त्यांना कोणी शिकविलेलें नसतें. आपल्याकडे म्हण आहे कीं, बोलणाऱ्याचीं बोरेंहि विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेहि विकत नाहींत. विद्वानाला स्वतःविषयीं बोलणें हलकेपणाचें वाटतें. तो अर्जाबरोबर आठ पानांचा बायोडाटा जोडतो. त्यांत प्रबंधाचें दोन ओळींचें शीर्षक, छापलेल्या निबंधांची यादी आणि हजेरी लावलेल्या परिषदांचीं नांवें असतात. विद्यापीठाच्या निवडसमितीला हें सर्व लागतें व तेथें तें योग्यच आहे. परंतु कारखान्याच्या अधिकाऱ्याला त्यांतून काय कळावें? त्याच्यासमोर अर्जांचा ढीग असतो, आणि या माणसाकडून आपलें कोणतें काम होईल, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें.

म्हणून बायोडाटा दोन प्रकारचे करावे. एक विद्यापीठासाठीं, सविस्तर; दुसरा अन्य ठिकाणांसाठीं, दोन पानांच्या आंतला. दुसऱ्यांत पदव्यांच्या यादीहून केलेलें काम आधीं यावें. समजा, एकीचा प्रबंध उत्प्रेरकांवर आहे. तिनें असें लिहावें: "औषध तयार करतांना घडणारी एक रासायनिक क्रिया कमी उष्णतेवर व कमी वेळांत कशी घडवावी, हें मीं शोधलें. त्यासाठीं अमुक यंत्रें स्वतः चालविलीं, दोन कनिष्ठांना तीं शिकविलीं, आणि पुनःपुन्हा फसलेला प्रयोग अखेर बसविला." एखाद्यानें पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांवर प्रबंध लिहिला असेल, तर विषयाच्या नांवाबरोबरच त्यानें हेंहि सांगावें कीं, मोठा कागदसंग्रह वाचून, खऱ्याखोट्याची पारख करून, त्याची सूची लावण्याचें काम त्यानें एकट्यानें पुरें केलें आहे. मुलाखतींतहि हीच रीत ठेवावी. काय शोधलें, कसें शोधलें आणि त्याचा उपयोग काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरांतील आजीला समजतील अशा भाषेंत व पांच मिनिटांत देतां आलीं पाहिजेत. जें केलें नाहीं तें केलें म्हणूं नये. तसेंच पदवी अधिक वाटेल या भीतीनें ती लपवूंहि नये. लपविलेली गोष्ट पुढें कळलीच, तर विश्वास जातो.

ही तयारी पदवी हातीं पडल्यावर सुरू केली तर उशीर होतो. नेट परीक्षेंतून मिळणारी संशोधन-शिष्यवृत्ति जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये झाली. पण ती पांच वर्षांनंतर थांबते. तेव्हां तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच बाहेर पाहावें, ओळखी कराव्या, एखादें व्यावहारिक कौशल्य शिकून घ्यावें. आणि प्रवेश घेण्यापूर्वीं भावी मार्गदर्शकाला एक प्रश्न नम्रपणें विचारावा: "सर, आपले पूर्वीचे विद्यार्थी सध्यां काय करतात?" त्या उत्तरावरून पुढील पांच वर्षांचा बराच अंदाज येतो.

शेवटचें सांगणें घरच्या मंडळींना आहे. डॉक्टर झालेली मुलगी पेटंटच्या कचेरींत गेली, मुलगा कोशाच्या कामावर बसला, म्हणजे शिक्षण फुकट गेलें असें समजूं नये. न सुटलेल्या प्रश्नाशीं वर्षानुवर्षें झुंजण्याची संवय ही त्या पदवीची खरी कमाई आहे, आणि ती कोणत्याहि कामांत उपयोगी पडते. शेजाऱ्यांनींहि पेढा हातांत घेतल्यावर जुना प्रश्न बाजूला ठेवावा व विचारावें, "इतकीं वर्षें कशाचा शोध घेतलास, बाळ? आम्हांला समजेल असें सांग पाहूं." उत्तर देतां देतां त्या तरुणाची मुलाखतीची पहिली तालीमहि तेथेंच होऊन जाईल.